सहज नौकाविहार मंडळ (नोंदणीकृत)

आयुष्यात कोणतीही गोष्ट सहज घडायला हवी असेल, तर तिची तयारी किमान तीन महिने आधी सुरू करावी लागते. ज्या गोष्टी आयत्या वेळी, कसलीही तयारी न करता केल्या जातात त्या सहज नसतात. त्या गडबडीत केलेल्या असतात, आणि गडबडीत सहजपणाचा निभाव लागत नाही. हे तत्त्व फार थोड्या लोकांना उमगतं. ज्यांना उमगतं, त्यांतले बहुतेक सरकारी नोकरीत असतात.

चिटणीस त्यांपैकी एक. वजनमापे कार्यालयात त्यांची एकतीस वर्षं झाली होती. बाजारातला तराजू खरा की खोटा हे ठरवणं त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की घरी चहात साखर घालतानासुद्धा ते चमचा डोळ्यांच्या पातळीवर धरत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे. बाकी सगळे त्यांना चिटणीस म्हणत, कारण ते ज्या ज्या मंडळात, संघात किंवा सोसायटीत गेले, तिथे पहिल्या पंधरा मिनिटांत इतिवृत्ताची वही त्यांच्या हातात आलेली असे (ती ते घरूनच नेत).

या चिटणीसांना एक वाक्य बोलायचं होतं.

वाक्य साधं होतं. ‘मास्तर, तुम्ही जाऊ नका, माझ्या मागच्या खोलीत मशीन टाका आणि इथंच राहा.’ मास्तर म्हणजे गल्लीत तीन घरं सोडून ज्यांचं शिलाईचं दुकान होतं ते शिंपी. बावीस वर्षांपूर्वी पहिल्या विजारीच्या मापावरून दोघांचा वाद झाला. चिटणीस म्हणाले, तुमची टेप पाव इंच खोटी आहे. मास्तर म्हणाले, टेप खरी आहे, तुम्ही पोट आत घेतलंय. या वादातून जी मैत्री झाली तिला तोड नाही. रोज संध्याकाळी सहा ते सात चिटणीस दुकानातल्या बाकावर बसत, मास्तर शिवत बसत, आणि दोघं मिळून सरासरी चौदा वाक्यं बोलत. अहो-जाहो पहिल्या दिवशी होती तशीच राहिली.

आता दुकानाची इमारत पाडायची ठरली होती. मास्तरांची नजरही पहिल्यासारखी राहिली नव्हती, आणि दुसऱ्या शहरातला मुलगा म्हणत होता, बाबा, आता इकडेच या. ‘तीन महिन्यांनी जातो,’ असं मास्तरांनी एका संध्याकाळी काजं करता करता सांगितलं. चिटणीस ‘अस्सं’ म्हणाले, घरी आले आणि जेवलेच नाहीत. त्यांना फार वाईट वाटलं होतं. वाईट वाटल्याची नोंद कुठे करायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी मागची खोली मोजायला घेतली. खोली रिकामीच होती. उत्तरेला खिडकी, सुईत दोरा ओवायला छान उजेड. तीनदा मोजून झाल्यावर त्यांनी मशीनच्या उंचीवर विजेचं बटण बसवून घेतलं आणि मग बायकोला सांगितलं.

“अहो, मग जा आणि सांगा त्यांना,” बायको म्हणाली. “तीन घरं सोडून तर आहेत.”

“असं कसं सांगणार? सहज सांगायला हवं. मुद्दाम जाऊन सांगितलं तर मुद्दाम सांगितल्यासारखं वाटेल.”

“मुद्दामच सांगताय ना?”

“म्हणूनच!”

बायकोनं हात जोडले. ताकाला जाऊन भांडं लपवायची नवऱ्याची सवय तिला नवी नव्हती. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे हे कळवायलासुद्धा त्यांनी इतका वेळ घेतला होता की तिच्या वडिलांना दोन स्मरणपत्रं पाठवावी लागली होती.

प्रश्न उरला तो सहज वातावरणाचा. ते दुकानात मिळण्यासारखं नव्हतं. रोजच्या बाकावर बसून रोजची चौदा वाक्यं झाल्यावर पंधरावं बोललं, तर ते उठून दिसणार. शोध घेता घेता चिटणीसांना डॉक्टर आठवले. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, या दोघांचे तिसरे मित्र. गेली नऊ वर्षं ते म्हणत होते, “एकदा सहज शिडाची होडी घेऊन खाडीत जाऊ या.” हे वाक्य ते बहुधा समोरच्याच्या तोंडात दोन्ही हात असताना बोलत, त्यामुळे आजवर त्याला कुणीही नकार दिलेला नव्हता. चिटणीसांनी विचार केला: तीन मित्र, मोकळं पाणी, मंद वारा. अशा ठिकाणी माणूस काहीही बोलून गेला तरी ते सहजच वाटेल.

इथे दुसरा एखादा असता तर येत्या रविवारी होडी घेऊन मोकळा झाला असता. चिटणीसांनी मंडळ स्थापन केलं.

मंडळाचं नाव ‘सहज नौकाविहार मंडळ’. ते रीतसर नोंदवून घेण्यात आलं, कारण नोंदणी नसलेला सहजपणा कुणीही केव्हाही नाकारू शकतो. डॉक्टर अध्यक्ष झाले (त्यांच्याकडे टोपी होती). मास्तर उपाध्यक्ष झाले. चिटणीस चिटणीसच राहिले. अकरा आठवड्यांत चौदा सभा भरल्या. त्यांतल्या पहिल्या सहा ‘सहज’ या शब्दाची व्याख्या ठरवण्यात गेल्या. सातव्या सभेत व्याख्या मंजूर झाली आणि आठव्या सभेत ती फारच सहज मंजूर झाली म्हणून पुन्हा चर्चेला घेण्यात आली. मंडळानं एक पाहणीसुद्धा केली. सहज फिरायला आलेल्या शंभर लोकांना बंदरावर थांबवून त्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या, तेव्हा एक्याऐंशी पिशव्यांत टॉवेल, चव्वेचाळीसांत जादा मोजे आणि एकीत इस्त्री सापडली. यावरून लोक सहजपणाच्या नावाखाली काय काय करतात हे मंडळाला कळून चुकलं, आणि मग नियम कडक करावे लागले.

‘सफर सहज असेल,’ हा पहिला नियम. ‘कोणीही तयारी करून येऊ नये, तयारी न केल्याचा पुरावा आदल्या दिवशी सायंकाळी सहापर्यंत चिटणीसांकडे सादर करावा,’ हा दुसरा. तिसऱ्या नियमाप्रमाणे मौज झाल्यास ती सर्वांना समान प्रमाणात व्हायची होती. नववा नियम विनोदांबद्दल होता: ‘विनोद उत्स्फूर्त असावेत व त्यांच्या दोन प्रती असाव्यात.’ सतरावा नियम असा होता की सोळावा नियम कोणी वाचू नये. तो का केला हे आता कुणालाच आठवत नाही, आणि वाचता येत नसल्यामुळे शोधूनही काढता येत नाही.

नियमांच्या मागोमाग कार्यक्रमपत्रिका आली. तिच्यात सकाळी दहाला प्रस्थान, सव्वादहा ते दहा चाळीस निसर्गसौंदर्य, दहा चाळीस ते अकरा गप्पा (विषय सोबत जोडला आहे), असं करत करत सगळ्यात शेवटी, दुपारी तीन चाळीसला, एक बाब होती: ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय.’ ही बाब सगळ्याच सभांच्या पत्रिकेत असते आणि तिच्यापुढची जागा कोरी असते. चिटणीसांच्या स्वतःच्या प्रतीत मात्र ती कोरी नव्हती. तिथे पत्रिका तयार होताच पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: ‘मास्तर. मागची खोली. सहज.’

आता खाडीबद्दल. तिन्ही बाजूंनी टेकड्या, चौथ्या बाजूला दगडी बांध, मध्ये समुद्राचा एक गरीब तुकडा. बांधाबाहेर वादळ आलं तर आत पाण्याला शहारा येतो, एवढंच. खोली भरतीला छातीपर्यंत, ओहोटीला घोट्यापर्यंत. होडी बुडाल्याची नोंद नाही. माणूस बुडाल्याची एक आहे, पण ते गृहस्थ उभं राहायला विसरले होते. अशा पाण्यासाठी मंडळानं जीवरक्षक जाकिटं, तीन शिट्ट्या, धूर सोडणारी एक नळी आणि सोड्याच्या बारा बाटल्या घेतल्या. सोडा डॉक्टरांच्या आग्रहावरून घेतला, कारण पाण्यावर मळमळलं तर त्यासारखं औषध नाही असं त्यांचं मत होतं. खोकं सांभाळायचं काम मास्तरांकडे आलं आणि त्यांना ‘पेयप्रमुख’ हे जादा पद मिळालं.

रविवार उजाडला. मास्तर बुधवारी जाणार होते. चिटणीसांनी सकाळपासून तीनदा पत्रिका उघडून पाहिली आणि प्रत्येक वेळी तीन चाळीस तिथेच होते.

बंदरावर होड्या भाड्यानं देणाऱ्या बाई दाणे सोलत बसल्या होत्या. डॉक्टरांनी तीन रविवार शिडाच्या होडीचा वर्ग केल्याचं प्रमाणपत्र दाखवलं. बाईंनी ते उलटं धरून वाचलं आणि परत दिलं.

“चार शब्द लक्षात ठेवा,” त्या म्हणाल्या. “ओढा म्हटलं की शिडाचा दोर ओढायचा. सोडा म्हटलं की सोडायचा. वाका म्हटलं की वाकायचं, नाहीतर शिडाखालचा हा आडवा दांडा तुम्हाला वाकवतो. आणि थांबा म्हटलं तरी होडी थांबत नाही, पण म्हणायचं. झालं.”

“आमची सोळा पानी पुस्तिका आहे,” चिटणीस म्हणाले.

“मग ती खाली घालून बसा. बसायच्या फळ्या ओल्या आहेत.”

दहाच्या ठोक्याला होडी निघाली. डॉक्टर सुकाणूवर, मास्तर शिडाचा दोर हातात घेऊन मध्ये, त्यांच्या पायाशी सोड्याचं खोकं, आणि चिटणीस पुढे, वही घेऊन. वारा बेताचा होता. निसर्गसौंदर्य पत्रिकेपेक्षा चार मिनिटं आधीच सुरू झालं, तिकडे चिटणीसांनी मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं. डॉक्टरांनी टोपी सारखी केली, छाती भरून श्वास घेतला आणि “ओढा” म्हणाले. मास्तरांनी ओढलं. होडी झकास चालली. ‘ओढा’ या शब्दानं मंडळाला कधीच त्रास दिला नाही, कारण तसलं काही सामानात नव्हतं.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, होडी एका अंगाला कलली आणि डॉक्टर ओरडले, “सोडा!”

मास्तर आज्ञाधारक माणूस. गिऱ्हाईकानं मागितलं की हातातलं काम नीट बांधून ठेवायचं आणि मग द्यायचं, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. त्यांनी दोराला खुंटीवर तीन पक्के वेढे दिले, वर गाठ मारली आणि सोड्याची बाटली फोडून डॉक्टरांच्या हातात दिली.

“अहो, सोडा! सोडा!”

मास्तरांनी आणखी दोन फोडल्या. बिचाऱ्यांना फारच मळमळतंय, असं त्यांना वाटलं. होडी आणखी कलली. डॉक्टरांचा आवाज चिरका झाला. त्यांनी आणखी दोनदा तोच शब्द उच्चारला आणि त्यांच्या मांडीवर एकूण पाच बाटल्या जमल्या. चिटणीसांनी नियमाप्रमाणे पाचही मागण्या वेळेसकट नोंदवून घेतल्या. दहा बावन्नला होडी वाळूच्या एका उंचवट्यावर चढली आणि मऊ आवाज करून थांबली. ‘थांबा’ कुणी म्हटलंच नव्हतं.

घोटाळा कुठे झाला हे कळायला वीस मिनिटं लागली. तोपर्यंत ओहोटी सुरू झाली होती. ओहोटी पत्रिकेत नव्हती. बांधावरून बाईंनी तोंडाभोवती हात धरून हाक दिली, “बसा तिथंच! पाणी साडेतीनला येईल!” आणि त्या पुन्हा दाणे सोलू लागल्या.

मंडळाची खरी कसोटी इथे लागली. होडीभोवतीचं पाणी बघता बघता गेलं आणि चौफेर चिखल उरला. उघडलेला सोडा वाया जाऊ नये म्हणून अध्यक्षांनी पाचही बाटल्या स्वतः संपवल्या. परिणामी बारा दहाला त्यांना किनाऱ्यावर जाणं भाग पडलं. “सहज जाऊन येतो,” असं म्हणून त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात पाय घातला. पहिल्या पन्नास पावलांत त्यांची एक चप्पल गेली, पुढच्या पन्नासांत दुसरी गेली.

होडीत आता दोघंच उरले. समोर जवळजवळ साडेतीन तास होते आणि करायला काही नव्हतं. ऊन कोवळं होतं. मास्तरांनी कॉलरच्या आतल्या बाजूला खोचलेली सुई काढली, खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं आणि शिडाची उसवलेली कड मांडीवर घेतली.

“हे कुणी शिवलंय, हात तोडायला पाहिजेत त्याचे,” ते म्हणाले. मग बराच वेळ टाके घालत राहिले. चिटणीस पेन्सिलीला टोक करत राहिले.

“मशीन काल ट्रकमधून पुढं पाठवलं,” मास्तर म्हणाले. “बुधवारी मी.”

“अस्सं.”

“मुलगा चांगला आहे हो. सूनही चांगली आहे. पण घर सातव्या मजल्यावर. मागं गेलो होतो तेव्हा खिडकीतून खाली बघत बसायचो. माणसांची नुसती डोकी दिसतात. कुणाचा शर्ट खांद्यावर कसा बसलाय, काही कळत नाही.” त्यांनी दोरा दातानं तोडला. “दिवस जातो कसाबसा. संध्याकाळी सहा वाजले की मात्र काय करायचं ते समजत नाही.”

चिटणीसांची पेन्सिल थांबली. सव्वीस गोष्टी एकदम बोलाव्याशा वाटल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांनी पत्रिका पाहिली. एक वीसला ‘वैयक्तिक शांतता’ होती.

एखादा साधा, अशिक्षित, भावनेच्या भरात वाहून जाणारा माणूस असता तर तिथल्या तिथे बोलून बसला असता, आणि बावीस वर्षांच्या मैत्रीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य विषयक्रम मोडून, अध्यक्षांच्या गैरहजेरीत, गणसंख्या नसताना बोललं गेलं असतं. ते पुढे कितपत ग्राह्य धरलं गेलं असतं, सांगता येत नाही. चिटणीसांनी स्वतःला सावरलं.

“मास्तर,” ते म्हणाले, “हा विषय आपण ऐनवेळच्या विषयांत घेऊ या का?”

मास्तरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “घ्या की. कधी आहेत ते?”

“तीन चाळीसला.”

“बरं. तोवर ही बाजूही शिवून घेतो.”

नंतरचे दोन तास वीस मिनिटं चिटणीसांना फार जड गेली.  शीड मात्र असं शिवून झालं की त्याला दोन खिसेही बसले. तीन वाजता पाणी हळूहळू परत येऊ लागलं. सव्वातीनला डॉक्टर आले, कंबरेपर्यंत चिखलानं माखलेले, बाईंच्या चपला घालून. आता दोर मी स्वतःच धरणार, कुणावर विश्वास ठेवणार नाही, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. साडेतीनला होडी वाळूवरून सुटली. वारा भरला, शीड फुगलं, पाणी छातीभर झालं.

तीन चाळीस झाले. चिटणीस उभे राहिले. होडीत उभं राहू नये असं पुस्तिकेच्या चौथ्या पानावर त्यांनीच लिहिलं होतं, पण बसून मांडलेला विषय त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

“अध्यक्षांच्या परवानगीने,” त्यांनी सुरुवात केली, “ऐनवेळचा विषय क्रमांक एक.”

“परवानगी आहे, पण बसा हो खाली,” डॉक्टर म्हणाले.

“विषय मास्तरांच्या… म्हणजे स्थलांतराच्या संदर्भात… म्हणजे सहजच…”  अकरा आठवडे घोटून पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं ते कळेना. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि जे तोंडाला आलं ते ओरडून टाकलं. “मास्तर, ते जायचं आता सोडा!”

मंडळाच्या इतिहासात इतक्या तत्परतेनं अमलात आलेला दुसरा ठराव नाही. डॉक्टरांनी तीन रविवार घेतलेलं शिक्षण फळाला आलं. शब्द कानावर पडताच त्यांची मूठ आपोआप उघडली आणि दोर सर्रकन निसटला. मास्तरांनी खाली वाकून बाटली फोडली. शीड धाडकन दुसऱ्या अंगाला गेलं. ‘वाका’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही. शिडाखालच्या दांड्यानं चिटणीसांना कमरेत उचललं आणि कार्यक्रमपत्रिकेसकट पाण्यात नेऊन ठेवलं.

ते वर आले तेव्हा पाणी त्यांच्या छातीपर्यंत होतं आणि डोक्यावर हिरवं शेवाळ होतं. पत्रिका लांब तरंगत चालली होती. मास्तर होडीच्या कडेवरून वाकून त्यांच्याकडे बघत होते, हातात फसफसणारी बाटली.

“लागलं का हो? हा घ्या सोडा.”

“सोडा नको!” चिटणीस ओरडले. एकतीस वर्षांत त्यांना असं ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं. बांधावर बाईंचा दाणे सोलणारा हात थांबला. “तुम्ही जाऊ नका! माझी मागची खोली आहे, उत्तरेची खिडकी आहे, बटण बसवून घेतलंय मशीनच्या उंचीला! तुम्ही गेलात तर मी संध्याकाळी सहाला कुठं जाऊन बसू? मला दुसरं कुणी नाही बसायला!”

डॉक्टरांनी टोपी काढली. मास्तरांनी बाटली खाली ठेवली.

“हे कधीपासून म्हणायचं होतं तुम्हाला?”

“अकरा आठवडे झाले.”

“अहो, मग दुकानात बोलायचं होतं! मी तिथंच होतो रोज, तुमच्यासमोर.”

“तिथं सहज वाटलं नसतं.”

“आणि हे सहज वाटतंय?”

चिटणीसांनी कानातलं पाणी काढलं. 

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिले. “मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी म्हणाल,” ते म्हणाले. “दोन महिने वाट बघितली. मग म्हटलं, नसेल त्यांच्या मनात, आणि मशीन पाठवून दिलं. बरं, आता असं करू. बुधवारी जातो, नाहीतर पोराला वाईट वाटेल. चार दिवस राहतो, मशीन पुन्हा गाडीत घालतो, आणि सहज येतो निघून.”

चिटणीसांचा चेहरा आनंदानं असा फुलला की शेवाळसुद्धा त्यांना शोभून दिसू लागलं. मग ‘सहज’ हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला आणि फुललेला चेहरा उतरला. या शब्दाला किती दिवस लागतात हे सबंध गावात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

या गोष्टीला आता सात महिने झाले. मास्तर दर रविवारी फोन करतात. येण्याचं नक्की आहे. आधी नातवाची परीक्षा होती. मग मुलगा म्हणाला, इतकी घाई कशाला, सहज जाता येईल, मी यादी करतो. यादीत सध्या बेचाळीस बाबी असून त्यांतल्या एकोणीस पूर्ण झाल्या आहेत. इकडे पाडलेल्या दुकानातला बाक चिटणीसांनी मागच्या खोलीत आणून ठेवला आहे. संध्याकाळी सहा ते सात ते त्यावर बसतात आणि भिंतीवरच्या बटणाकडे बघतात. बायको म्हणते, अहो, चार तासांचा तर प्रवास आहे, तुम्हीच जा आणि घेऊन या त्यांना. चिटणीस म्हणतात, जाणारच आहे, एकदा सहज. त्यासाठी उपसमिती नेमली आहे.

मध्यंतरी मंडळानं घटना दुरुस्त करून सभासदत्व सर्वांना खुलं केलं. अर्ज नको, शिफारस नको, फोटो नको. ‘एकदा सहज भेटू या’ असं ज्यानं गेल्या वर्षभरात कुणालाही म्हटलं आणि भेटला नाही, त्याला मंडळ आपोआप आजीव सभासद मानतं. आपलं अभिनंदन. सभासद क्रमांक वेगळा कळवला जाणार नाही. तो आपल्या फोनमध्येच आहे, त्या माणसाच्या नावापुढे.